तोंडी इशारा

गोदामातलं भिंतीवरचं घड्याळ तीन मिनिटं वीस सेकंद पुढे होतं. तिने तीनदा ताडून पाहिलं. एकदा दारातून, एकदा अगदी जवळ जाऊन, आणि तिसऱ्यांदा डोळे मिटून दहा आकडे मोजून पुन्हा उघडून. तिन्ही वेळा तेवढंच. स्वतःचं मनगटी घड्याळ तिने सकाळीच प्रयोगशाळेतल्या प्रमाण-घड्याळाशी जुळवून घेतलं होतं, त्यामुळे खोट तिकडे असण्याचा प्रश्न नव्हता.

"बाई, मघापासून काय बघताय?" गोदामाच्या मुकादमाने विचारलं. हातात चहाचा पेला, कानावर पेन्सिल.

"हे घड्याळ नेहमीच पुढे असतं का?"

"नेहमीच. मालकांची हौस. माणसं वेळेवर यावीत म्हणून पाच मिनिटं पुढे ठेवायचं. आता ते सगळ्यांना ठाऊक झालंय, म्हणून सगळे पाच मिनिटं उशिरा येतात. फिट्टंफाट."

तो हसला, आणि हसता हसताच त्याला ती कोण ते आठवलं. पेला त्याने खोक्यावर ठेवला. "तुम्ही मास्तरांच्या घरच्या ना? लिफ्टवाल्या मास्तरांच्या?"

"पाच महिन्यांत बॅटरी बदललीय का याची?"

"एकदा बदललीय. का दोनदा." तो आता तिच्याकडे न बघता बोलत होता. "बदलली की मी माझ्या अंदाजाने काटे लावतो. पाच म्हणजे काही मोजून पाच नसतं बाई. तुम्ही बसा ना जरा. पाणी देऊ?"

तिने वहीत लिहिलं: पुढे ३ मि. २० से.; त्या दिवशी किती, माहीत नाही. वही मिटली. तिच्या पाठीमागे मालाची लिफ्ट घरघरत खालच्या मजल्यावर येऊन थांबली, जाळीचं दार खडखडलं. ती मागे न वळता बाहेर पडली.

पाच महिन्यांपूर्वी याच लिफ्टच्या खड्ड्यात तिचा नवरा मेला होता.

लिफ्ट जिथवर येते त्याच्याही तळाला माणूसभर खोल खड्डा असतो. त्या खड्ड्यात एक लाल बटण असतं. आत उतरलेल्या माणसाने ते दाबलं की लिफ्ट जागची हलत नाही. ते बटणच बिघडलं होतं, आणि तेच दुरुस्त करायला तो उतरला होता. त्याचा जोडीदार पाचव्या मजल्यावर, मोटरच्या खोलीत होता. दोघांनी अकरा वर्षं बरोबर काम केलं होतं. जोडीदार इतका उंच की नवरा त्याला जिराफ म्हणायचा. "जिराफ नेहमी वर. खड्ड्यात उतरवला तर मान बाहेरच राहायची." मोटरच्या खोलीतून खड्ड्यापर्यंत बोलायला यंत्र नव्हतं. ते एकमेकांना ओरडून सांगायचे.

चौकशीचा अहवाल सव्वादोन पानांचा होता. त्यातलं एक वाक्य तिला पाठ होतं. 'भिंतीवरील घड्याळानुसार सुमारे पावणेबारा वाजता, तोंडी इशाऱ्यात गैरसमज झाल्याने लिफ्ट खाली आणली गेली.' कोणाचा गैरसमज, कसला, ते कुठेच लिहिलं नव्हतं. गैरसमज झाला, जसं आभाळ भरून येतं तसा.

तिने अकरा एक्केचाळीसला त्याला फोन केला होता.

हे तिने कोणालाही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी तिची रजा होती. सासूबाई न्हाणीघरात होत्या, तोंडाला साबण, आणि नळाचं पाणी गेलं. "बघ गं जरा, काय झालंय," त्या आतून म्हणाल्या. गच्चीवरच्या टाकीची मोटर त्याने सकाळी लावली होती की नाही, एवढंच विचारायला तिने फोन लावला. बावन्न सेकंद. फोनमधली नोंद तिने इतक्या वेळा उघडली होती की बोट आपसूक तिथे जायचं. तो म्हणाला, विसरलो. मग हसला. मग लांबून, जणू विहिरीच्या वरून, कोणीतरी ओरडलं. तो म्हणाला, "थांब जरा." आणि फोन बंद पडला.

ते ओरडणं तिने पाच महिने ऐकलं होतं. भाजी चिरताना, रस्ता ओलांडताना, प्रयोगशाळेत. कोणीतरी सावध करायला ओरडलं, तो बायकोशी बोलत होता, त्याला ऐकू गेलं नाही. तोंडी इशाऱ्यात गैरसमज. वाक्य बरोब्बर बसत होतं.

फक्त वेळ बसत नव्हती. अकरा एक्केचाळीस आणि पावणेबारा यांच्यामध्ये तीन-चार मिनिटं होती, आणि त्या मिनिटांना ती धरून राहिली होती. तेवढ्यात फोन संपला असेल, त्याने तो खिशात ठेवला असेल, कामाला लागला असेल. मग परवा तिच्या डोक्यात आलं की अहवालातलं घड्याळ कोणी पारखलंय? आज तिने पारखलं. पावणेबारातून तीन मिनिटं वीस सेकंद गेली. उरली अकरा एक्केचाळीस आणि चाळीस सेकंद. म्हणजे तिच्या फोनच्या मधोमध.

पण 'सुमारे' होतं. पण पावणेबारा म्हणणारा माणूस मिनिटं मोजत नसतो, पाव तासाला टेकून सांगतो. पण बॅटरी बदलली होती, एकदा का दोनदा. तिला तिच्या कामातून एक गोष्ट पक्की ठाऊक होती: मोजायचं आहे त्याच्यापेक्षा चूक मोठी असली, तर ते मोजमाप नव्हे.

तिचं काम तापमापक पारखायचं. दवाखान्यांतून, कारखान्यांतून, शीतगृहांतून तापमापक यायचे. ते वितळत्या बर्फात बुडवायचे, जिथे शून्य दिसायलाच हवं, आणि किती चुकतात ते लिहून द्यायचं. गोदामातून ती परत आली तेव्हा मदतनीस मुलगी भिंगातून वाचत बसली होती.

"ताई, हा दोन शतांश खाली. हा बरोबर. हा पाच खाली. हा तर अगदीच बिचारा आहे, अकरा खाली."

"कशाच्या खाली?"

"शून्याच्या, अजून कशाच्या?"

"मग शून्याच्या खाली म्हण. पूर्ण म्हण. लिहिणाऱ्याने अंदाज बांधायचा नसतो."

मुलीने मान डोलावली. तिला हे रोजचंच होतं. पण मग तिने भिंग बाजूला ठेवून विचारलं, "ताई, तुम्ही जेवलात का?" आणि त्या प्रश्नात इतकी काळजी होती की मुलीला तिथेच सोडून ती दुसऱ्या खोलीत गेली आणि बर्फाच्या यंत्रासमोर उभी राहिली. यंत्र खडखड करत बर्फ फोडत होतं. त्या आवाजात रडलं तर कोणाला कळत नसे. आज रडूही आलं नाही.

सगळेच काळजी घेत होते. पहिल्याच दिवशी नणंदेने तिला पोटाशी धरून सांगितलं होतं, "क्षणात गेला गं. काही कळलंसुद्धा नाही त्याला." मग दिराने तेच सांगितलं, शेजारच्यांनी तेच, त्याच्या कंपनीच्या साहेबांनीही तेच. इतक्या जणांनी तेच वाक्य सांगितलं की ते कोणीतरी वाटून दिलं असावं असं वाटे. नंतर नणंदेने बजावलं, "आईसमोर विषय काढू नकोस. तिला सोसायचं नाही." आणि सासूबाईंना बहुतेक असंच काहीतरी तिच्याबद्दल बजावलं होतं, कारण त्याही विषय काढत नव्हत्या. दोघी एका घरात राहत होत्या आणि कर्ताच नसलेली वाक्यं बोलत होत्या. वांगी नको आणूस, हल्ली संपत नाहीत. ती खिडकी उघडी ठेवायची सवय होती ना, म्हणून गार वाटायचं. कोणाची सवय, ते कोणीच म्हणायचं नाही.

घड्याळाने काही सांगितलं नाही. अहवाल सांगत नव्हता. सांगू शकेल असा आता एकच माणूस उरला होता, आणि तो पाच महिने तिला टाळत होता. एकदाच येऊन त्याने नवऱ्याची हत्यारांची पिशवी दारात ठेवली होती आणि बेल न वाजवता निघून गेला होता. लिफ्टचं काम त्याने सोडलं होतं. बस डेपोच्या मागे पंक्चरच्या दुकानात असतो, एवढं तिला कळलं होतं.

तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

दुकान म्हणजे पत्र्याची शेड, बाहेर टायरांची चळत, एक पाण्याचं घमेलं. जिराफ बुटक्या स्टुलावर गुडघे कानापाशी घेऊन बसला होता आणि फुगवलेली ट्यूब पाण्यात फिरवत बुडबुडे शोधत होता. तिला बघून तो उठला, ट्यूब हातातच, पाणी पँटवर ठिबकतंय.

"वहिनी."

"भाऊजी, पाच मिनिटं बोलायचंय."

"टेका ना," त्याने स्टूल पुढे केलं. "टेका."

दुकानाचा मालक हवेच्या यंत्रापाशी होता, पोट सुटलेला, गप्पिष्ट. "बघा, टेका म्हणतो. 'बसा खाली' म्हणणार नाही. गिऱ्हाईक म्हणतं चाक खाली बसलंय, हा म्हणतो उतरलंय. पाना खाली पडला तर म्हणतो जमिनीवर पडला. मी म्हटलं, अरे तू कुठल्या शाळेत होतास?"

"चहा सांगून येता का, शेठ?" जिराफ म्हणाला.

मालकाने एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि रस्ता ओलांडून गेला.

ती स्टुलावर टेकली. जिराफ टायरांच्या चळतीला पाठ लावून उभा राहिला. तिने ठरवून आणलेली वाक्यं होती, ती सगळी विसरली.

"तो कसा गेला, भाऊजी?"

"क्षणात, वहिनी. काही कळलंसुद्धा नाही त्याला."

"क्षण म्हणजे किती?"

त्याने हातातली ट्यूब टायरांवर टाकली.

"मी गोदामात जाऊन आले. त्यांचं घड्याळ पारखून आले. मी हे कामच करते, भाऊजी, आणि मला काहीही मोजता आलेलं नाही. मला रात्री झोप नाही आणि दिवसा मी दुसऱ्यांच्या चुका लिहिते. तुम्ही सांगितलं नाहीत तर मला वेड लागेल. हे मी तुम्हाला घाबरवायला म्हणत नाहीये. मला खरंच दिसतंय ते, कसं लागेल ते."

"काय सांगू मी? अहवालात आहे सगळं."

"अहवालात माझा फोन नाहीये."

"फोन?"

"तो खड्ड्यात होता तेव्हा मी फोन केला. तो माझ्याशी बोलत होता. तुम्ही वरून ओरडलात, मी ऐकलंय. तुम्ही त्याला सावध करत होतात आणि माझ्यामुळे त्याने ऐकलं नाही. असंच ना?"

हे पहिल्यांदाच तोंडातून बाहेर पडलं होतं, भर रस्त्यात, बसच्या भोंग्यांमध्ये. तिला वाटलं होतं काहीतरी कोसळेल. हवेच्या यंत्राचा पट्टा फिरत राहिला.

जिराफ तिच्याकडे बघत होता, तिने दुसऱ्याच कोणाचा पत्ता विचारावा तसा. मग तो हळूहळू टायरांना घसरत जमिनीवर बसला, आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा दोघांची डोळ्याला डोळा भिडेल एवढी उंची झाली.

"नाही हो वहिनी," तो म्हणाला. "ते तुम्ही धरून बसलात? नाही हो. ते मी चेष्टा करत होतो."

"कसली चेष्टा?"

"तो लिफ्टचा बोगदा म्हणजे नळी असते. शिंकलं तरी वर ऐकू येतं. मास्तरचा फोन वाजला, मी वरून सगळं ऐकत होतो. तुम्ही काय म्हणालात ते त्याने मोठ्याने पुन्हा म्हटलं. हसत हसत. 'वरची टाकी खाली झाली?' असं. मी वरून ओरडलो, 'अरे, वरची टाकी खाली कशी होईल? वरची वरच असणार.' एवढंच. तो म्हणाला थांब जरा, आणि रेंज गेली. खड्ड्यात रेंज टिकतच नाही."

ती ऐकत होती. तिने 'रिकामी' म्हटलं नव्हतं. खरंच. फोनवर ती 'खाली' म्हणाली होती. घाईत, साबणाच्या गडबडीत. वरची टाकी खाली झालीये वाटतं.

"मग?"

"मग काय, आम्ही हसलो. तो म्हणाला, बायको शास्त्रज्ञ आहे, तिची टाकी कुठेही जाऊ शकते." जिराफच्या तोंडावर ते हसू येऊन गेलं, आणि त्याने ते तळहाताने पुसलं. "दोन-तीन मिनिटं गेली असतील. तीन असतील. फोन खिशात होता, वहिनी. दोन्ही हातांनी काम चाललं होतं, पाना वाजत होता, मला ऐकू येत होतं. फोनचा काहीएक संबंध नाही."

म्हणजे तीन मिनिटं. ज्यासाठी तिने घड्याळ पारखलं ती तीन मिनिटं खरोखर होती. तिने श्वास सोडला, आणि तो श्वास पुरता सुटायच्या आतच तिला दिसलं की जिराफ थांबला आहे, आणि पुढचं पाऊल जिथे टाकायचं तिथे जमीन नाही.

"सांगा," ती म्हणाली.

"आमचा शब्द ठरलेला होता. अकरा वर्षं तोच. मी विचारायचं, 'मोकळं?' म्हणजे खड्डा मोकळा आहे का, तू बाहेर आलास का. तो म्हणायचा, 'मोकळं.' तो म्हणाला तरच मी लिफ्ट सोडायची. दुसरं काहीही म्हणाला तर नाही. त्याचाच नियम होता तो." तो आपल्या हातांकडे बघत होता. नखांत काळं रबर होतं. "त्या दिवशी चेष्टा डोक्यात होती. पान्याचा आवाज थांबला. मला वाटलं झालं काम. मी विचारलं..."

तो शब्द त्याच्या तोंडातून निघेना. ओठ हलले, निघेना. त्याने हात जमिनीकडे केला, तळवा उताणा.

तिला कळलं. तिने त्याच्यासाठी तो म्हटला. "खाली?"

जिराफने मान हलवली.

"आणि तो काय म्हणाला?"

"तेच. तेच म्हणाला, हसत."

खाली? खाली. तिने ते मनात दोन्हीकडून वाचून पाहिलं, वरून आणि खालून. वरच्याने विचारलं, खड्डा रिकामा का? खालच्याने सांगितलं, मी खाली आहे. किंवा त्याने फक्त चेष्टेला चेष्टा जोडली असेल, टाकीची. किंवा त्यालाही रिकामाच म्हणायचं असेल, कारण तो शिडीवर पाय ठेवून निघतच असेल. एका शब्दाला एकच अर्थ असावा म्हणून ती मदतनीस मुलीला रोज टोकत होती.

"साहेबांनी विचारलं, काय इशारा दिलास," जिराफ म्हणाला. "मी म्हटलं, नेहमीचा. त्यांनी गैरसमज लिहिलं. मी शब्द सांगितला नाही. भ्यालो. मग तुमच्याकडे यायला तोंड राहिलं नाही."

"तो शब्द माझा होता."

"काय?"

"मी म्हटलं ना फोनवर. टाकी खाली झाली. मी रिकामी म्हटलं असतं तर तुम्ही चेष्टा केली नसती. तुम्ही मोकळंच विचारलं असतं."

"नाही, वहिनी. ते माझं आहे."

"माझ्याकडून आलं ते."

"तुम्ही घरी टाकीचं बोलत होतात. मी मोटरपाशी उभा होतो. ते माझं आहे, ते घेऊ नका तुम्ही." त्याचा आवाज चढला होता, पहिल्यांदाच. दोघं भांडत होती, आणि भांडण कशाचं तर कोणाच्या वाट्याला जास्त यावं याचं. दोघांनाही ते सोडवत नव्हतं. मालक चहा घेऊन रस्ता ओलांडायला आला, दोघांचे चेहरे बघून पलीकडेच थांबला.

ती म्हणाली, "मी विचारलं होतं, क्षण म्हणजे किती."

"नका विचारू."

"विचारतेय."

"मी पाच जिने उतरून आलो तेव्हा श्वास होता." तो सावकाश बोलत होता, एक एक जिना उतरल्यासारखा. "लिफ्ट त्याआधीच मोटरने वर घेतली होती. मुकादम ओरडत होता, त्याला मी अँब्युलन्स बोलवायला पिटाळलं. मी आत उतरलो. डोकं मांडीवर घेतलं. सात-आठ मिनिटं असतील. बोलला नाही काही. डोळे उघडे होते. मी त्याला सारखं सांगत होतो, मोकळं, मास्तर, मोकळं. दुसरं काही सुचेना. तेव्हा सांगून काय उपयोग होता."

"त्याला कळत होतं?"

"मी हात धरला होता. त्याने दाबला."

"किती वेळा?"

"दोनदा."

"नक्की? एकदा नाही?"

"दोनदा, वहिनी. एकदा जोरात, एकदा हळू. मग नाही."

ती उठली. उठताना तिला आधार घ्यावा लागला, आणि हाताला लागलं ते त्याचं डोकं होतं. तो जमिनीवरच बसला होता. क्षणभर तिने हात तसाच ठेवला. मग ती चालू लागली. तिने त्याला माफ केलं असं काही नव्हतं, त्याने मागितलंही नव्हतं. सात-आठ मिनिटं. पाच महिने सगळ्यांनी मिळून तिच्याकडून ती सात-आठ मिनिटं लपवून ठेवली होती, आणि आता मिळाली तर ती कुठे ठेवायची तिला कळत नव्हतं.

घर दुसऱ्या मजल्यावर. पहिल्या जिन्यावर तिने ठरवलं की आईंना आजच सगळं सांगायचं. दुसऱ्या जिन्याच्या मध्यावर ती थबकली. सगळं सांगायचं तर फोन सांगावा लागेल. फोन सांगायचा तर टाकी, आणि टाकी आली की न्हाणीघरातून आलेली ती हाकही आली: बघ गं जरा, काय झालंय. फोन गाळता येईल. मोटरच्या खोलीपासून सुरुवात करता येईल. जिराफने चेष्टा केली, आणि घडलं. गोष्ट तशीही पूर्ण वाटली असती. अहवालही असाच पूर्ण वाटत होता.

तिने किल्ली लावली.

सासूबाई स्वयंपाकघरात कपड्यांच्या घड्या घालत होत्या. दोघींचेच कपडे, छोटासा ढीग. "लवकर आलीस," त्या म्हणाल्या. "बरं नाही का?"

"आई, बसा जरा. तो कसा मेला, ते मला आज कळलंय. सांगायचंय तुम्हाला."

त्या घरात 'मेला' हा शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला होता. सासूबाईंच्या हातातला टॉवेल अर्धा दुमडलेला तसाच राहिला. ती वाट बघत होती की आता त्या म्हणतील, नको. किंवा उठून आतल्या खोलीत जातील, दार लावून घेतील.

"दार लाव," त्या म्हणाल्या. "आणि पहिल्यापासून सांग. मला सगळे शेवटच सांगतात."

तिने पहिल्यापासून सांगितलं. साबण, पाणी, फोन, बावन्न सेकंद. तिने म्हटलेला शब्द, वरून आलेली चेष्टा. मोकळं हा शब्द आणि त्याचा अर्थ. पान्याचा आवाज थांबला तो. मग ते दोन शब्द, एक वरून, एक खालून. प्रयोगशाळेत निकाल वाचून दाखवतात तशा आवाजात ती सांगत गेली, कारण दुसऱ्या कुठल्या आवाजात ते पुरं झालं नसतं.

सासूबाईंनी टॉवेल उलगडला, पुन्हा दुमडला.

"कुठल्या अर्थाने म्हणाला तो?"

"ते कळणार नाही, आई. भाऊजींना माहीत नाही. मलाही नाही. ते आता कोणालाच कळणार नाही."

"हं." खालून कोणाच्या तरी नळाचा आवाज येत होता. "पाणी मला हवं होतं ना गं तेव्हा."

नाही म्हणायला ती तोंड उघडणार होती. नाही हो आई, तुमचं काय त्यात, असं. जिराफने तिला तसंच सांगितलं होतं, आणि ते तिच्या अंगाला लागलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली.

सासूबाईंनी मान हलवली. चेहरा इतका उघडा पडला होता की बघवत नव्हतं, पण तिने नजर हलवली नाही. त्यांनी टॉवेल बाजूला ठेवला आणि टेबलावर हात पुढे केला, रिकामा.

"शेवटचं पुन्हा सांग. त्याने हात दाबला ते. किती वेळा?"

"दोनदा," तिने सांगितलं. "एकदा जोरात. एकदा हळू."

"दाखव," सासूबाई म्हणाल्या.

तिने त्यांचा हात धरला आणि दाबला. एकदा जोरात. मग दुसऱ्यांदा हळू दाबायचं होतं, आणि ते तिच्याने होईना.